वेढ्यातील संसार आणि आपले गद्य

युद्धाचे वाङ्मय म्हटले की आपल्यापुढे प्रथम वीर उभा राहतो, मागोमाग रणभूमी, आणि सर्वांत शेवटी, जागा उरलीच तर, घर. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की तो स्वाभाविक नाही, ही गोष्टच आपण विसरतो. ज्या मुलखावर युद्ध येते तेथील बहुसंख्य माणसे लढत नसतात. ती राहत असतात. कणगीत दाणे किती उरले, मीठ कोठून आणावे, पावसाआधी घर शाकारून होईल की नाही, ह्या प्रश्नांच्या द्वारे त्यांना युद्ध कळते. हे कळणे वाङ्मयात उतरविण्याचे सामर्थ्य मराठी गद्यात आहे काय, आणि असल्यास गोमंतकाच्या बाबतीत ते का वापरले गेले नाही, एवढाच प्रश्न येथे मांडावयाचा आहे.

गोमंतकाच्या मुक्तिसंग्रामावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. १८ जून १९४६ ची मडगावची सभा, १५ ऑगस्ट १९५४ रोजी तेरेखोलच्या किल्ल्यात शिरलेली तुकडी, पुढील वर्षी त्याच दिवशी पत्रादेवीच्या सीमेवर झालेला गोळीबार, आग्वादची कोठडी, आणि डिसेंबर १९६१ मधील सैन्याचा प्रवेश, ही त्या लेखनाची ठरलेली स्थाने होत. त्याविषयी मला कृतज्ञताच आहे. परंतु माझ्या वाचनात आलेल्या ह्या लेखनाचा नायक बहुधा सीमा ओलांडणारा माणूस असतो. तो बांद्याकडून येतो, लाठ्या खातो, परत लोटला जातो अथवा तुरुंगात पडतो. ज्या घराच्या अंगणावरून तो पुढे गेला त्या घराचे दार मात्र उघडत नाही. तो निघून गेल्यावर तेथील माणसांनी दुसऱ्या दिवशी काय केले, हे आपल्याला सहसा सांगितले जात नाही.

पेडणे आणि डिचोली ह्या दोन महालांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांच्या ताब्यात आलेला हा नव्या काबिजादीतील मुलूख. त्याची बोली, दैवते, सोयरिकी आणि बाजार ही सावंतवाडीच्या मुलखात मिसळलेली. एका बाजूस बांदा, दुसऱ्या बाजूस दोडामार्ग. पणजीपेक्षा ही गावे कित्येक घरांना जवळची. १९५४ पासून भारत सरकारने आर्थिक निर्बंध घालण्यास आरंभ केला. ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहानंतर सरहद्द बंद झाली, मुरगावकडे जाणारी आगगाडी थांबली, मुंबईला चाकरीस असलेल्या माणसाने घरी पाठवावयाचा पैसा अडला. राजकारणाच्या भाषेत ही नाकेबंदी होती. सीमेवरच्या घराच्या भाषेत तो चुलत्याच्या आणि आपल्या घरामध्ये पडलेला आडणा होता.

आता ह्या नाकेबंदीचे माप कोणते? इतिहास म्हणेल, १९५५ ते १९६१. घर म्हणेल, सहा पावसाळे. गोमंतकात पावसाळ्याच्या बेगमीला ‘पुरुमेंत’ असा शब्द आहे. पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’ कोकणी जिभेवर घोळून तो तयार झाला. राज्यकर्त्यांचा शब्द घरच्या माळ्यावर जाऊन बसला, हे त्या भूमीच्या इतिहासाला साजेसेच झाले. चैत्र-वैशाखात हे काम सुरू होते. उकडे तांदूळ, कुळीथ, सुकी सुंगटे आणि बांगडे, आमसुले, चिंच, मिरच्या, मिठातल्या कैऱ्या, खोबरेल, सरपण, शेणी. पेडण्यातील आगरवाड्याच्या मिठागरांतील मीठ पावसाची पहिली सर येण्याआधी घरात यावे लागते. थंड देशांतील माणूस हिवाळ्याची करतो ती तयारी आपल्याकडे आगोटीची असते.

परंतु दोन तयाऱ्यांत एक भेद आहे, आणि लेखकाचे काम त्या भेदापाशी सुरू होते. पावसाला अंत आहे आणि तो पंचांगात छापलेला असतो. नवरात्राच्या सुमारास आभाळ मोकळे होईल ह्या भरवशावर गृहिणी मापटे भरते. नाकेबंदीचा शेवट कोणत्याही पंचांगात नसतो. १९५६ च्या वैशाखात माळ्यावर ठेवलेली आमसुलांची बरणी आणि १९५४ च्या वैशाखातील बरणी दिसण्यात सारखीच. पण पहिली केवळ पावसाविरुद्ध भरलेली नव्हती. तीच वस्तू, तेच हात, आणि त्यांच्या मागे एक नवे, नाव नसलेले भय. हे भय शब्दांत धरणे म्हणजे वेढ्याचे वाङ्मय लिहिणे होय.

ते लिहिले का गेले नाही? पहिले कारण उघड आहे. सालाझारच्या राजवटीत छापावयाचा प्रत्येक कागद आधी सेन्सॉरपुढे ठेवावा लागे. लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसत. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. हा वेढा आपल्याच माणसांनी घातला होता. मुंबई-पुण्यात बसून गोमंतकाच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लेखकाने सीमेवरच्या घरातील अडचण लिहिली असती, तर ती सालाझारच्या हाती दिलेली साक्ष ठरली असती. म्हणून तो गप्प राहिला. ह्या मौनाला मी भ्याडपणा म्हणणार नाही. ते निष्ठेचे मौन होते. पण सीमेच्या आत भीतीने आणि बाहेर निष्ठेने गप्प बसविलेले जे आयुष्य, त्याची हानी दोन्हीकडून सारखीच झाली.

असे लेखन मराठीच्या प्रकृतीत बसत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. वेढ्यातील नागरी जीवनाचे एक अव्वल पुस्तक आपल्यापाशी आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि १८५८ च्या वेढ्यात झाशीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. गोडसे भटजी राणीविषयी आदराने लिहितात. पण त्यांचे खरे बळ निराळ्या ठिकाणी आहे. शहर पडल्यावर झालेली लूट ते वस्तूंच्या क्रमाने सांगतात. सोन्यारुप्यापासून भांड्याकुंड्यांपर्यंत, कपड्यांपर्यंत, धान्यापर्यंत. भिक्षुकाच्या नजरेला जिन्नस आणि त्याची किंमत दिसते, आणि त्या नजरेने पाहिल्यामुळेच एक शहर कसे रिकामे होते ते आपल्याला कळते. तेथे यादी हीच करुणा झाली आहे.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. ‘स्मृतिचित्रां’त दुष्काळ आहे, प्लेग आहे, धर्मांतरासारखा घर उभे चिरणारा प्रसंग आहे, परंतु लेखिका त्यांतील एकाही गोष्टीकडे व्यासपीठावरून पाहत नाही. ती स्वयंपाकघरातून पाहते, आणि त्या जागेवरून तिला जे दिसते ते इतिहासकाराला दिसत नाही. विशेष असे की ह्या पाहण्यात विनोद टिकून राहतो. संकटात माणूस हसतो, भांडतो, शेजारणीचे उसने विसरतो. हे सांगितल्याने संकट लहान होत नाही, माणूस खरा होतो.

परदेशी वाङ्मयातील दाखला द्यावयाचा तर लेनिनग्राडचा देता येईल. ८ सप्टेंबर १९४१ पासून ८७२ दिवस चाललेल्या त्या वेढ्यात, पहिल्या हिवाळ्यात, घरी बसणाऱ्या माणसाचा दिवसाचा पाव १२५ ग्रॅमवर आला होता. लिदिया गिंझबुर्ग ही समीक्षक त्या शहरात होती. तिने लिहिलेली टिपणे १९८४ मध्ये प्रकाशात आली. तिचा विषय रणांगण नाही. रांग आहे, पाणी वाहणे आहे, पावाचा तुकडा पुरवून खाण्याची रीत आहे. अलीकडे, २०२२ पासून, कीवसारख्या शहरातील वीजघरांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा तेथील माणसांनी चुली, सरपण आणि मेणबत्त्या जमविल्या. जगाच्या पाठीवर हा अनुभव संपलेला नाही; म्हणून त्याचे वाङ्मय जुने झालेले नाही.

येथे तुलनेची मर्यादा सांगितली पाहिजे. गोमंतक म्हणजे लेनिनग्राड नव्हे. बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, तांदूळ पाकिस्तानातून येत राहिला. शहरांतील दुकाने ओस पडली नाहीत. डिचोलीत तर त्याच वर्षांत खाणींचा धंदा वाढला. लोखंडाची माती बार्जांतून मांडवीने मुरगावला आणि तेथून जपानला जाऊ लागली. म्हणजे ज्या घराचा जवळचा बाजार तुटला त्याच घरातील एखाद्या मुलाच्या हाती खाणीची मजुरी आली असेल. ही निव्वळ उपासमारीची कथा नाही. वेढ्यामुळे काय मिळेनासे झाले आणि वेढ्यातही काय मिळू लागले, ह्या दोहोंचा ताळा तिला घालावा लागेल. चांगल्या कादंबरीला आणखी काय हवे?

दुसरी मर्यादा यादीची. आजकाल पुरुमेंताविषयी हौसेने लिहिले जाते. सुक्या मासळीचा वास, आजीच्या बरण्या, फणसाची साठे, अशी ती वर्णने रुचकर असतात. पण त्यांतून भय गळून गेलेले असते. बेगमी ही तेथे आठवणीची मेजवानी होते. गोडसे भटजींच्या यादीमागे शहराचा अंत आहे, गिंझबुर्गच्या रांगेमागे मृत्यू आहे. ह्या वर्णनांमागे केवळ भूक आहे, आणि तीही तृप्त माणसाची. यादी वाङ्मय होते ती तिच्यातील एखादी वस्तू न मिळण्याची शक्यता जिवंत असेल तरच.

गोमंतकीय लेखकांत घरातून पाहणारी दृष्टी नव्हती, असेही नाही. लक्ष्मणराव सरदेसायांच्या कथेत गोमंतकाचे कुळागर, त्यातील माणसे आणि त्यांचे मिंधेपण किती बारकाईने येते! आणि कथेच्याही आधी आमच्याकडे जात्यावरची ओवी होती. माहेर आणि सासर ह्यांच्यामधील अंतर हाच तिचा सनातन विषय. त्या अंतरात एके दिवशी बंदूकधारी पहारा येऊन बसला, तेव्हा ह्या विषयाला केवढा नवा अर्थ आला असेल! साधने हाताशी होती, मान्यता नव्हती. हा विषय वाङ्मयाचा आहे, असे लेखकाला कोणी सांगितले नाही, आणि तो दोष समीक्षेचा आहे.

शेवटचा अंक तर सर्वांत कमी लिहिला गेला आहे. १७ डिसेंबर १९६१ रोजी डिचोली महालातील मावळिंगे येथे चकमक झाली. मागे हटणाऱ्या पोर्तुगीज फौजेने डिचोलीचा, अस्नोड्याचा पूल उडविला. १९ तारखेच्या रात्री शरणागती झाली. दोन दिवसांचे युद्ध आणि सहा पावसाळ्यांचा वेढा. आपल्या वाङ्मयात मात्र हे प्रमाण नेमके उलटे पडले आहे. तो हंगाम मार्गशीर्षाचा, नव्या भाताने कणग्या भरण्याचा होता. सहा वर्षांत प्रथमच त्या घराला पुढच्या वैशाखाचा हिशेब निर्धास्तपणे मांडता येणार होता. तो दिवस विजयाचा म्हणून शेकडो वेळा लिहिला गेला; घरातील कोणा बाईने दुसऱ्या सकाळी दार उघडून बांद्याच्या वाटेकडे पाहिले असेल, तो दिवस म्हणून लिहावयाचा राहिला.

आता सेन्सॉर उरला नाही, आणि निष्ठेने गप्प बसण्याचे प्रयोजनही उरले नाही. त्या काळी संसार चालविणाऱ्या बायका आज नव्वदीच्या आसपास असतील. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी गोळा करणारे सत्याग्रहींकडे गेले, आणि ते योग्यच झाले. आता त्यांनी ह्या बायकांना विचारावे, प्रश्नही साधाच असावा: “त्या वर्षी पावसाळ्यासाठी काय काय ठेवले होते, आणि काय मिळाले नाही?” ज्या घरांत जुन्या खर्चाच्या वह्या असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. त्या वह्यांतून लगेच वाङ्मय निर्माण होईल असे नाही. परंतु गोडसे भटजीसुद्धा आरंभी आपण काय पाहिले एवढेच सांगावयास बसले होते.