रुळांपलीकडचा श्रोता

सुरतेत शास्त्रीय संगीताला श्रोता मिळत नाही, असं सरसकट म्हटलं जातं. हिरे आणि कापडाचं शहर. गाणं ऐकायचं असेल तर बडोद्याला जावं, नाहीतर जानेवारीत अहमदाबादचं ‘सप्तक’ गाठावं. मला हे निदान चुकीचं वाटतं. या शहरात ऐकणारे पुष्कळ आहेत. पण ते राहतात तिथे शास्त्रीय संगीत जात नाही, आणि ते जिथे होतं तिथे बहुतेक वेळा तीच ओळखीची मंडळी भेटतात.

बडोद्याशी तुलना करताना एक गोष्ट विसरली जाते. तिथे सगळं राजाश्रयावर उभं राहिलं. मौलाबक्षांची संगीतशाळा 1886 ची. सयाजीरावांचं लग्न 1880 मध्ये तंजावरच्या चिमणाबाईंशी झालं आणि तंजावरच्या नर्तकी व वादक बडोद्यात आले. पुढे फैयाज खाँसाहेबही त्याच दरबाराचे. सुरतेला असा दरबार लाभला नाही. मात्र तिला हवेली लाभली. बाळकृष्णलालजींच्या हवेलीसारख्या पुष्टिमार्गी मंदिरांत मंगळेपासून शयनापर्यंत आठ दर्शनं होतात आणि प्रत्येक दर्शनाला त्या त्या वेळेच्या रागातलं कीर्तन असतं. अष्टछाप कवींची पदं, ध्रुपद-धमाराचा ढंग, पखवाज आणि झांजा, फागणात वसंत आणि धमार. सकाळचे आणि संध्याकाळचे सूर वेगळे असतात हे जुन्या सुरतेतल्या वैष्णव घरातल्या आजीला कुणी शिकवावं लागत नाही. रागाचं नाव तिला कदाचित सांगता येणार नाही, पण चुकीच्या वेळी गायलेलं पद तिच्या कानाला खटकेल. पंडित जसराजांनी हवेलीतली पदं मैफलीत आणली आणि त्यांना देशभर श्रोते मिळाले. सुरतेत त्याच्या उलट दिशेचा, मैफलीतून हवेलीच्या श्रोत्याकडे जाणारा रस्ता अजून नीट बांधलेला नाही. ध्रुपदाचा कार्यक्रम ठेवताना हवेलीच्या कीर्तनियांना शेजारी बसवावं, हे सुचायला एवढा वेळ का लागावा?

दुसरा वारसा तर मराठी माणसाचाच आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात राहिले आणि त्यांनी ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली. तिच्यात भजनांवर राग आणि ताल दिलेले आहेत. शास्त्राचा धाक न दाखवता शेकडो माणसांना सुरात गायला लावणं हे त्यांचं खरं काम. दांडीयात्रेत ते गांधीजींबरोबर चालले. ती यात्रा 1 एप्रिल 1930 रोजी सुरतेत पोचली होती. 1938 साली काँग्रेसचं अधिवेशन सुरत जिल्ह्यातल्या हरिपुऱ्यात भरायचं होतं. त्याच्या तयारीत असतानाच तिथे पंडित खऱ्यांचं निधन झालं. शेजारच्या भरुचमध्ये पलुस्करांचेच दुसरे शिष्य ओंकारनाथ ठाकूर यांनी 1919 मध्ये गांधर्व निकेतन काढलं होतं. पलुस्करांच्या मागे त्यांच्या शिष्यांनी 1931 मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं तेही अहमदाबादेत. म्हणजे सामान्य माणसापर्यंत संगीत नेण्याचा देशातला मोठा प्रयोग याच पट्ट्यात झाला. त्यातून आज इथे काय उरलं, असं विचारलं तर उत्तर मिळतं: परीक्षा.

परीक्षांना मी नावं ठेवत नाही. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची शिडी नसती तर अनेक मुलींना घरातून क्लासला पाठवलंच नसतं. अडाजण, पार्ले पॉइंट, वेसू या भागांत भरतनाट्यम आणि कथकचे वर्ग जोरात चालतात. अरंगेत्रम, म्हणजे पहिलं जाहीर सादरीकरण, थाटात होतं, निमंत्रणपत्रिका छापल्या जातात, सभागृह नातेवाइकांनी भरतं. पण ज्या दिवशी नर्तकीचा प्रवास सुरू व्हायला हवा, त्याच दिवशी बहुतेकींचा थांबतो, कारण त्यानंतर नाचायची संधीच नसते. शिकणारे वाढले, ऐकणारे-बघणारे त्या प्रमाणात वाढले नाहीत. पालचं संजीवकुमार ऑडिटोरियम आहे. सभागृहाची अडचण नाही.

महाविद्यालयांपुरतं उत्तर किरण सेठ यांनी 1977 मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या ‘स्पिक मॅके’ने शोधलं: तिकीट नाही, कलाकार विद्यार्थ्यांसमोर बसून गातो, मधेच थांबून समजावून सांगतो. पद्धत उत्तमच आहे. पण वसतिगृहातला मुलगा चार वर्षांनी शहर सोडून जातो. शहराला स्वतःचा श्रोता हवा.

तो रेल्वेरुळांच्या पलीकडे आहे. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा. जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्ती मार्गाच्या गाडीने आलेली, डाइंग मिलमध्ये आणि मार्केटमध्ये राबणारी, घरात अहिराणी बोलणारी कुटुंबं. त्यांच्या मुलांसाठी महापालिका मराठी शाळा चालवते. या वस्त्यांतल्या भजनी मंडळात जाऊन बसा. पेटी, पखवाज, टाळ. रूपाचे अभंग, मग गौळण, शेवटी भैरवी. बुवा अभंगाच्या एका चरणावर दहा-दहा मिनिटं आवर्तनं घेतात, पखवाजवाला समेवर येतो आणि अख्खं मंडळ मान हलवतं. ख्यालाचा श्रोता याहून वेगळा काय असतो? विलंबित लयीत थांबण्याचा धीर आणि समेची ओढ या दोन्ही गोष्टी इथे आधीच आहेत. तरी या माणसाकडे शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमाची पत्रिका जात नाही, आणि गणपतीत त्याच्या मंडपात डीजे वाजतो. गिरगाव-दादरच्या चाळींत याच गणेशोत्सवाने मोठमोठ्या गवयांना कामगार आणि कारकुनांसमोर बसवलं होतं. हे मुंबईत जमलं, सुरतेत का जमू नये?

करायचं कसं, यावर माझं मत स्पष्ट आहे. फ्युजन करून गर्दी जमवणं हा मार्ग नव्हे. त्याने गर्दी जमते आणि पांगते. ख्याल ख्यालच राहावा. मात्र वेळ पाळी सुटल्यानंतरची असावी, जागा वस्तीतलं मंदिर किंवा शाळेचं पटांगण असावं, अभंगाचा राग आधी ऐकवून मग त्याच रागाची बंदिश घ्यावी आणि दोन वाक्यं बोलायची तर मराठीत, शक्य असेल तर अहिराणीत. जळगावात जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. तिथे आलेला कलाकार रात्रीच्या गाडीत बसला तर सकाळी उधन्याला उतरतो. दोन गावांच्या आयोजकांनी एकदा तारखा जुळवून बघाव्यात.

नृत्याला तर आणखी जवळची वाट आहे. तंजावरच्या भोसले राजांच्या, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या काळात नृत्यासाठी मराठीतून निरूपणं रचली गेली. भरतनाट्यमच्या जडणघडणीत मराठी साहित्य आहे. सुरतेतल्या भरतनाट्यमच्या किती गुरूंनी ते आपल्या मुलींना शिकवलंय? अरंगेत्रम झालेल्या मुलीने तेच नृत्य पुन्हा लिंबायतच्या मराठी शाळेत, मुलांच्या स्वतःच्या भाषेतल्या शब्दांवर करून दाखवलं, तर हस्तमुद्रांचं व्याख्यान द्यावं लागणार नाही. तिलाही पुढची रंगमंचाची जागा मिळेल.

सुरुवात कुठून करायची, याबद्दलही शंका नको. पहिलं निमंत्रण वस्तीतल्या भजनी मंडळाच्या बुवांना जावं आणि ते त्यांना फक्त ऐकायला येण्याचं नसावं. पहिला अर्धा तास त्यांनी गावं, पाहुण्या गवयाने समोर बसून ऐकावं, आणि मग त्याच पखवाजवाल्याला साथीला घेऊन आपली बैठक मांडावी.