बघायचं काय, खायचं काय : प्रवासाच्या याद्या आणि मराठी प्रवासवर्णनं

कुठल्याही मोठ्या शहराबद्दल प्रवाशांसाठी लिहिलेला मजकूर चार प्रश्नांभोवती फिरतो. बघायचं काय, खायचं काय, विकत काय घ्यायचं आणि संध्याकाळ कुठे घालवायची. लंडन, पॅरिस, सिंगापूर, न्यूयॉर्क, सगळ्यांना हाच साचा. आता तो आमच्याकडेही पोचला आहे. साताऱ्यात अजिंक्यतारा, सज्जनगड, ठोसेघरचा धबधबा, कास पठार. घेण्यासारखे कंदी पेढे. सांगलीत गणपती मंदिर, आयर्विन पूल, हरिपूरचा संगम. घेण्यासारखे भडंग आणि बेदाणे. संध्याकाळच्या रकान्यात बहुधा काहीच नाही.

सातारा माझं गाव आणि सांगली आजोळ. त्यामुळे या याद्या वाचताना गंमत वाटते आणि थोडं चुकल्यासारखंही वाटतं. यादीत चूक काहीच नसते. कासचं पठार खरंच बघण्यासारखं आहे, 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीतही गेलं. पण साताऱ्यातल्या घरात ‘कास’ हा शब्द बहुतेक वेळा फुलांसाठी येत नाही. कासच्या तलावाचं पाणी शहराच्या नळाला येतं. ‘आज कासचं पाणी नाही’ हे वाक्य ऐकत मी मोठा झालो. सप्टेंबरात पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग पठाराकडे जाते, तेव्हा त्या गाड्यांतल्या कुणाला हे माहीत असायचं काही कारण नाही.

आयर्विन पुलाचं तर याहून पुढचं आहे. 1929 मध्ये कृष्णेवर बांधलेला, त्या वेळच्या व्हाइसरॉयचं नाव दिलेला हा पूल यादीत ‘ऐतिहासिक वास्तू, सूर्यास्ताच्या फोटोसाठी उत्तम’ म्हणून येतो. सांगलीकरांसाठी तो पूल म्हणजे एक मोजपट्टी आहे. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. तेव्हापासून महाबळेश्वर आणि कोयनेकडे पाऊस लागला, की आजी साताऱ्याला फोन करते आणि आमची खुशाली विचारण्याआधी विचारते, “तुमच्याकडं थांबलाय का?” मग स्वतःच सांगते, “पुलाला छत्तीस झालंय.” पूल ‘कसा दिसतो’ हे तिनं मला आयुष्यात कधी सांगितलेलं नाही.

मला वाटतं, शहरांबद्दलचं लेखन चांगलं की नुसतंच उपयोगी, हे तपासायला हा पूल पुरेसा आहे. लेखक पुलापाशी उभा राहून सूर्यास्त बघतो, की खांबावरचे फुटांचे आकडे त्याला दिसतात? आणि दिसले तर ते कशासाठी आहेत, हे तो कुणाला तरी विचारतो का?

आजच्या याद्यांना ते आकडे दिसणं अवघड आहे. त्याचं कारण त्यांच्या बनण्यातच आहे आणि माझा धंदा सॉफ्टवेअरचा असल्यामुळे ते मला जरा जवळून दिसतं. ठिकाणांचा क्रम लागतो तो लोकांनी दिलेल्या ताऱ्यांवर. तारे देतात पाहुणे. तासाभरासाठी येणारा माणूस जाताना चार तारे आणि दोन ओळी टाकून जातो. जो रोज त्या पुलावरून सांगलीवाडीला जातो, त्याला पुलाला तारे द्यायचं सुचतही नाही. म्हणजे जागा सगळ्यांत जास्त ओळखणारी माणसं हिशेबात येतच नाहीत आणि सगळ्यांत कमी ओळखणाऱ्यांची सरासरी काढून पुढच्या पाहुण्याला दिली जाते. पुढचा पाहुणा तेच बघतो, त्यालाच तारे देतो. दर फेरीला यादी अधिक पक्की होते, शहर मात्र तेवढंच राहतं.

मराठी प्रवासवर्णनं वाचताना हे डोक्यात ठेवलं, की काही पुस्तकं वेगळी दिसू लागतात. पंडिता रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाचं निमित्त होतं, पण त्या तिथे पुढे दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या, हिंडल्या. 1889 मध्ये आलेल्या पुस्तकाचं नाव त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ असं ठेवलं. नावातच लोकस्थिती आधी आणि प्रवासवृत्त नंतर आहे. शाळा कशा चालतात, बायकांच्या संस्था पैसा कसा उभा करतात, कायदा कुणासाठी आहे, हे त्यांना विचारायचं होतं. पर्यटक म्हणून आपल्याला जे चार प्रश्न पडतात, ते त्यांच्याकडे जवळपास नाहीतच. तरीही आज त्या काळची अमेरिका डोळ्यांपुढे आणायची, तर त्यांचं पुस्तक उपयोगी पडतं. अनंत काणेकरांचं 1940 चं ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ वृत्तीने फार वेगळं आहे. पण तेही एक प्रश्न घेऊन निघालेल्या माणसाचं पुस्तक आहे. लंडनचं धुकं आणि मॉस्कोचा तारा यांत काय निवडायचं, हा त्या पिढीचा प्रश्न शीर्षकातच येऊन बसला आहे.

मग ‘अपूर्वाई’. पु. ल. 1958 मध्ये बीबीसीच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेले, 1960 मध्ये पुस्तक आलं. त्याआधी ते ‘किर्लोस्कर’ मासिकात क्रमशः येत होतं. हे मासिक 1920 मध्ये सुरू झालं ते किर्लोस्करवाडीत, तेव्हाच्या औंध संस्थानात आणि आजच्या सांगली जिल्ह्यात, नांगर बनवणाऱ्या एका कारखान्याची ‘खबर’ म्हणून. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. ‘किर्लोस्कर’ पलूस-तासगावकडच्या घरांत वाचलं जात असे आणि त्या घरांतलं कुणी लंडनला जाणार नव्हतं. त्या वाचकाला हॉटेलचा पत्ता सांगून उपयोग नव्हता. त्याच्यापर्यंत शहरच घेऊन जावं लागत होतं. ‘अपूर्वाई’तही चारही प्रश्न आहेत. खाणं आहे, दुकानं आहेत, नाटकं तर भरभरून आहेत. पण त्यांची उत्तरं सल्ला म्हणून येत नाहीत. थोड्या बावरलेल्या एका माणसाची फजिती आणि आनंद म्हणून ती येतात. आज वाचकाच्या हातात तिकीट आहे, त्यामुळे लेखकावर ती सक्ती राहिली नाही. ‘इथे जा, हे मागवा’ एवढं म्हटलं की काम होतं.

‘अपूर्वाई’ची मर्यादाही मला त्याच पुलावरून दिसते. तिचं माप मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाचं आहे. लंडन ज्याच्याशी ताडून बघायचं, ते गिरगाव आणि पार्लं मी आधी त्या पुस्तकांतूनच ओळखलं. मला सांगलीत बसून दोन परकी शहरं एकदम वाचावी लागली. आणि तिचा सूर कुतूहलाचा आहे, हिशेब मागणारा नाही. स्वातंत्र्याला जेमतेम अकरा वर्षं झालेली असताना लंडनकडे इतक्या मोकळ्या मनाने बघता येणं ही मोठीच गोष्ट होती. पण त्या मोकळेपणात काही दारं न ठोठावता राहिली. मीना प्रभूंचं ‘माझं लंडन’ एक पाऊल पुढे जातं, कारण त्या तिथे राहिलेल्या होत्या. ‘माझं’ हा शब्द त्यांनी कमावलेला आहे. पुढच्या त्यांच्या काही पुस्तकांत माहिती इतकी दाटते, की माणसं त्या माहितीआड जातात. ‘माझं लंडन’मध्ये तसं होत नाही, कारण संग्रहालयं बघून झाल्यावर लेखिकेला परत त्याच शहरातल्या आपल्या घरी जायचं असतं.

न ठोठावलेलं दार म्हणालो, ते माझ्याच हातून कसं राहिलं तेही सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी कामासाठी सहा आठवडे लंडनला होतो. शनिवार-रविवारी यादी काढून फिरलो. एका शनिवारी लेडनहॉल मार्केट बघितलं. छताखालची जुनी रंगीत बाजारपेठ, पहिल्या हॅरी पॉटर सिनेमाचं चित्रीकरण तिथे झालं होतं म्हणून गर्दी. फोटो काढले, कॉफी घेतली, चार तारे दिले. शेजारच्या लॉईड्सच्या पोलादी इमारतीचाही फोटो काढला, ती वेगळीच दिसते म्हणून.

परत आल्यावर प्रबोधनकार ठाकऱ्यांचं ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ चाळताना लक्षात आलं, की मी कुठे उभा होतो. लॉईड्सची इमारत जिथे आहे, तिथेच ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्य कार्यालय होतं. 1839 मध्ये कंपनीने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि 1853 पर्यंत तिथेच राहिले. अर्ज, सभा, भाषणं, पुन्हा अर्ज. 1847 मध्ये महाराज काशीत वारले, 1848 मध्ये सातारा खालसा झाला, तरी हे कर्ज काढून त्याच रस्त्याला जात राहिले. परत आल्यावर 1857 च्या कटात त्यांचं नाव आलं, मुलाला साताऱ्यात फाशी झाली आणि ते स्वतः कुणालाच सापडले नाहीत. गेंडामाळावरून मी शेकडो वेळा गेलो आहे. चार भिंतीवर मित्रांबरोबर भेळ खाल्ली आहे. तरीही लेडनहॉल स्ट्रीटवर मला फक्त हॅरी पॉटर माहीत होता.

लंडनच्या यादीने मला हे सांगायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. ती जगभरच्या पाहुण्यांसाठी आहे. हे सांगायचं काम मराठी प्रवासवर्णनाचं होतं आणि आहे. साताऱ्याहून जाणाऱ्याचं लंडन पुण्याहून जाणाऱ्याच्या लंडनपेक्षा वेगळं असू शकतं. सांगलीहून जाणारा थेम्सवरचं पूर रोखणारं धरण ज्या नजरेने बघेल, त्या नजरेने पार्ल्याचा माणूस बघणार नाही. आज दोन्ही जिल्ह्यांतली कितीतरी मुलं कामासाठी जगभर आहेत आणि भरपूर लिहितातही. पण त्यातलं बरंचसं त्या चार प्रश्नांचीच उत्तरं देतं, तीही आधीच्याच क्रमाने.

हे उलट्या बाजूनेही लागू आहे. सांगलीच्या यादीतला संध्याकाळचा रकाना रिकामा असतो म्हणालो. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते याच गावात. बाजूला मिरजेत सतारी बनवणाऱ्यांची गल्ली आहे आणि मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. कुणीही जाऊन बसावं. हा रकाना आपणच भरायला हवा, कारण तासाभराचा पाहुणा तो भरू शकत नाही. आणि आयर्विन पुलापुढे कुणीतरी एवढं लिहावं : सूर्यास्त छान दिसतो, पावसाळ्यात आलात तर पाणी किती फुटांवर आहे, ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारा.