यंत्रावरचा विजय आणि 1976

सांगलीच्या नाटककार खाडिलकरांच्या घराण्यातील रोहिणी खाडिलकर यांच्यावर लिहिताना, त्यांनी लंडनमध्ये संगणकाला हरवले, आशियात प्रथमच, हे हमखास सांगतात. कोल्हापुरात जुनी कात्रणे चाळताना मला हा गौरव उफराटा वाटत आला आहे. 1983 पर्यंत अमेरिकेत एकाही यंत्राला मास्टर दर्जा नव्हता. कास्पारॉव्ह ‘डीप ब्लू’कडून सामना हरला तो 1997 मध्ये. तेव्हाचे यंत्र ही खरी कसोटी नव्हेच. यंत्र समोर कोण बसले आहे तेही विचारीत नाही. माणसांनी विचारले. 1976 मध्ये रोहिणीताई पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तर गदारोळ झाला, उच्च न्यायालय गाठावे लागले. अखेर जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना अडवता येणार नाही, असा निर्वाळा दिला. त्या स्पर्धेत त्यांनी तीन राज्यविजेत्यांना हरवले. तेवढे मात्र आपण एका ओळीत उरकतो.