गोखले : पुरावा आणि विश्वास

मागच्या व्याख्यानानंतर उल्हासनगरच्या एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली, ‘गोखले म्हणजे गांधीजींचे गुरू, याच्यापलीकडे काय?’ प्रश्न रास्त आहे. नेमस्त म्हटलं की आपण हात जोडतो नाहीतर नाक मुरडतो. वाचत मात्र नाही.

१८९७ पासून सुरुवात करू. वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोखले विलायतेला गेले होते, वय तीस. सरकारच्या जमाखर्चाची त्यांनी केलेली चिरफाड आजही वाचावी अशी आहे. अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलेला माणूस! त्याच मुक्कामात पुण्याहून पत्रं आली की प्लेगच्या झडतीत सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केले. गोखल्यांनी ते तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली होती. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला. पत्रं लिहिणारे पुढे येईनात. गोखल्यांनी त्यांची नावं सांगितली नाहीत, आणि स्वतः बिनशर्त माफी मागितली. गव्हर्नरची मागितली, सोल्जरांचीही.

पुण्याने त्यांना भेकड ठरवलं. मला ते पटत नाही. नावं न सांगणं हे भेकडाचं काम नव्हे. माझी तक्रार वेगळी आहे. मी वर्षानुवर्षं तर्कशास्त्र शिकवलं. ‘सिद्ध करता येत नाही’ आणि ‘खोटं आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत, हे पहिल्या वर्षाच्या मुलाला सांगावं लागतं. गोखल्यांना पहिलं म्हणून थांबता आलं असतं. ते दुसऱ्यापर्यंत गेले. ज्या बायका बोलूच शकत नव्हत्या, त्यांची बाजू त्या माफीत पुसली गेली.

आता मोर्ले. जॉन मोर्ले म्हणजे मिलचा शिष्य, ग्लॅडस्टनचा चरित्रकार, आणि तडजोड कुठपर्यंत करावी यावर अख्खं पुस्तक लिहिलेला गृहस्थ. १९०५ च्या डिसेंबरात तो भारतमंत्री झाला आणि गोखल्यांना वाटलं, आपलाच माणूस आला. १९०७ मध्ये लाला लजपतराय यांना खटल्याशिवाय मंडालेला धाडलं, १८१८ च्या रेग्युलेशनखाली. मोर्लेने पार्लमेंटात त्याचं समर्थन केलं. गोखल्यांनी निषेध केला, हो, ते नाकारून चालणार नाही. पण १९०८ साली ते पुन्हा लंडनला, सुधारणांसाठी त्याच दारात. वर्षअखेर मोर्लेने लॉर्ड्सच्या सभागृहात साफ सांगून टाकलं की यातून हिंदुस्थानात पार्लमेंट येणार असेल तर माझा त्याच्याशी संबंध नाही.

गंमत बघा. स्वतःच्या शब्दाला जो माणूस इतका कडक पुरावा मागतो, तो मोर्लेचं ग्रंथलेखन हाच त्याच्या राजकारणाचा पुरावा धरून बसतो.

माणसावर न विसंबता आकड्यांवर उभे राहिले की हेच गोखले वेगळे दिसतात. १९११ चं प्राथमिक शिक्षणाचं विधेयक काढून पाहा. सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना, तीही स्थानिक संस्था मागेल तिथेच. महिना दहा रुपयांच्या आत मिळकत असेल त्याला फी माफ. इतकं सावध, की विरोध करायला लाज वाटावी. तरी १९ मार्च १९१२ ला ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं, आणि त्या ३८ मध्ये आपलेही लोक होते. पडणार हे गोखल्यांना ठाऊक होतं. तरी मांडलं. इथे तडजोड होती, पण भाबडेपणा नव्हता. यानंतर तीनच वर्षांनी, फेब्रुवारी १९१५ मध्ये, ते गेले.

बरं, प्रश्न घेऊ. बदलापूरच्या मंडळींनी आधी विचारा, तुमची गाडी चुकायला नको.