ई-पुस्तकाची पारख

जुलै 2018 मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने ई-पुस्तकांवरचा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला. अट एकच होती : त्या पुस्तकाची छापील आवृत्ती निघालेली असली पाहिजे. म्हणजे छापील पुस्तक करमुक्त, त्याच्या ई-आवृत्तीला 5 टक्के आणि केवळ पडद्यावरच निघालेल्या पुस्तकाला 18 टक्के. ही उतरंड कराच्या हिशेबापुरतीच नाही. आपल्या साहित्यव्यवहाराच्या मनातही ती तशीच बसलेली आहे. ई-पुस्तकाला मान मिळतो तो छापील पुस्तकाची प्रत म्हणून. स्वतंत्र घडण असलेली वस्तू म्हणून त्याच्याकडे समीक्षक पाहत नाहीत आणि पुरस्कार समित्याही पाहत नाहीत.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा वाद दूरचा वाटेल. नाशिक जिल्ह्यातल्या कळवणला तसे म्हणून चालत नाही. गिरणेच्या खोऱ्यातला, कांद्याच्या बाजारपेठेचा आणि सप्तशृंगी गडाचा हा तालुका. इथे आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय आहे, पट्ट्यात आश्रमशाळा आहेत. नवी कादंबरी हातात घेऊन, चार पाने चाळून विकत घ्यायची तर वणी-दिंडोरीमार्गे नाशिक गाठणे हाच बहुतेकांचा मार्ग. फोनने हे अंतर एका फटक्यात मिटवले. ‘बुकगंगा’ने मराठी ई-पुस्तकांचे दुकान उघडले, डिसेंबर 2016 मध्ये ‘किंडल’वर मराठी आली. पुस्तक कळवणला पोहोचू लागले. ते कोणत्या अवस्थेत पोहोचते, याची तपासणी मात्र कोणी हाती घेतली नाही. पुरस्कारांचे खरे काम इथे सुरू व्हायला हवे होते.

जगात हा प्रयोग लवकर झाला. 2000 साली फ्रँकफर्ट पुस्तकमेळ्यात आंतरराष्ट्रीय ई-पुस्तक पुरस्कार दिले गेले. पाठीशी मायक्रोसॉफ्ट होती आणि सर्वोच्च बक्षीस एक लाख डॉलरचे. ते दोघांत वाटले गेले : ई. एम. शॉर्ब यांच्या ‘पॅरडाइज स्क्वेअर’ या कादंबरीला आणि डेव्हिड मॅरॅनिस यांनी लिहिलेल्या विन्स लोम्बार्डी या फुटबॉल प्रशिक्षकाच्या चरित्राला. हे चरित्र 1999 मध्येच छापून आलेले आणि गाजलेले होते. पुढच्या वर्षी ललित विभागाचा मान अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ला मिळाला. कादंबरी थोर आहे, यात शंका नाही. पण ती आधी कागदावरच थोर ठरलेली होती; तिच्या ई-आवृत्तीत वेगळे काय साधले, हे त्या निवडीतून उमगत नाही. पुरस्कारही त्यानंतर टिकला नाही. मायक्रोसॉफ्टने आपला ‘रीडर’ 2012 मध्ये बंद केला आणि 2019 मध्ये पुस्तकांचे दुकानही. ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण त्यांनी घेतलेली पुस्तके त्यांच्या यंत्रांतून नाहीशी झाली. ई-पुस्तकाचा गौरव करणाऱ्या कोणत्याही समितीने ही घटना विसरू नये.

त्याच काळात अमेरिकेतल्या ई-लेखकांच्या ‘एपिक’ या संघटनेने ‘एपी’ पुरस्कार सुरू केले. त्यांत ग्लॅमर कमी होते, पण दिशा बरोबर होती : पडद्यासाठीच लिहिणाऱ्यांनी आपल्यातल्यांची दखल घ्यायची. पुढे ‘क्यूईडी’ नावाची गुणवत्ता-मोहोर आली. तिच्यात साहित्यमूल्य बाजूला ठेवून पुस्तकाची बांधणीच तपासली जाई. प्रकरणांच्या अनुक्रमणिकेवरून उडी मारता येते का, वेगवेगळ्या यंत्रांवर मजकूर नीट उलगडतो का, चित्रे जागच्या जागी राहतात का, असे साधे प्रश्न. बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यातही 2012 मध्ये डिजिटल कृतींसाठी वेगळा सन्मान सुरू झाला. या तिघांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : लेखनाचा पुरस्कार वेगळा आणि घडणीचा वेगळा.

महाराष्ट्रात पुरस्कारांची वाण नाही. दर 27 फेब्रुवारीच्या आसपास राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांची चर्चा होते. कवितेसाठी केशवसुतांच्या नावाचा, कादंबरीसाठी हरी नारायण आपट्यांच्या नावाचा, कथेसाठी दिवाकर कृष्णांच्या नावाचा. प्रकाशन संस्थेसाठी श्री. पु. भागवत पुरस्कार, भाषेच्या कामासाठी अशोक केळकर आणि मंगेश पाडगावकरांच्या नावाचे. नाशिकचे कुसुमाग्रज प्रतिष्ठान 1991 पासून एक वर्षाआड जनस्थान पुरस्कार देते. पहिला विजय तेंडुलकरांना मिळाला. या साऱ्या रचनेत साहित्यप्रकार आहेत, माणसे आहेत, संस्था आहेत. माध्यम नाही. ई-पुस्तकाची घडण पारखणारा आणि वर्षानुवर्षे दबदबा राखून असलेला पुरस्कार मराठीत रुजलेला नाही.

घडण म्हणजे काय, हे मराठीत अक्षरापासूनच सांगावे लागते. अनेक प्रकाशकांकडची जुनी पुस्तके ‘श्रीलिपी’सारख्या प्रणालींत जुळवलेली. त्या फायली युनिकोडमध्ये आणताना पहिला घाव बसतो तो अर्ध्या ‘र’वर. ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्या’ उमटतो आणि सह्याद्रीच्या वर्णनात समुद्र शिरतो. ‘अ’वरची चंद्रकोर युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून 2008 साली आली, त्यामुळे आधीच्या फायलींत ‘ॲ’ हवा तिथे ‘ऍ’ तरी सापडतो किंवा मोकळा चौकोन तरी. जोडाक्षरे फुटतात, ओळीच्या शेवटी शब्द भलत्याच ठिकाणी तुटतो, तळटीप परिच्छेदाच्या पोटात घुसते. छापील पुस्तकात अशा चुका निघाल्या तर परीक्षणकर्ता मुद्रितशोधकाचे कान उपटतो. ई-आवृत्तीतल्या चुकांबद्दल परीक्षणात ओळही नसते, कारण परीक्षणासाठी प्रत आलेली असते छापील.

साधने मात्र आता हाताशी आहेत, म्हणून ही हेळसांड जास्त सलते. मजकूर पडद्याच्या मापाने आपोआप मांडणारी ईपब रचना 2007 पासून आहे आणि 2011 मधल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीने ध्वनी आणि चित्रफितींनाही जागा दिली. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे देखणे देवनागरी टंक मोफत खुले केले. अक्षर सुंदर दिसण्यासाठी आता पैशांची सबब उरलेली नाही.

उमेदीने झालेली कामेही थोडी नाहीत. ई साहित्य प्रतिष्ठानने नवोदितांची पुस्तके वर्षानुवर्षे विनामूल्य वाचकांपर्यंत नेली. साहित्य संस्कृती मंडळाने आपली कित्येक अप्राप्य पुस्तके संकेतस्थळावर मोकळी केली. वाईच्या मराठी विश्वकोशाचे खंड आज कळवणचा विद्यार्थी शब्द टाकून शोधू शकतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभारलेल्या या प्रकल्पाला त्यामुळे नवे आयुष्य लाभले. मात्र पहिल्या दोन उपक्रमांचा मुख्य आधार पीडीएफ हाच राहिला. पीडीएफ हे पानाचे छायाचित्र. पाच-सहा इंची फोनवर ते दोन बोटांनी ताणत, डावी-उजवीकडे सरकवत वाचावे लागते. तीनशे पानांची कादंबरी अशी वाचणाऱ्याच्या चिकाटीला दाद द्यावी. प्रकाशकाच्या कामाला मात्र निम्मेच गुण द्यावेत.

पडद्यासाठीच घडलेल्या मराठी साहित्याचा उत्तम नमुना पाहायचा तर दिवाळी अंकांकडे वळावे. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये सुरू केलेली ही परंपरा ‘मायबोली’ने 2000 च्या सुमारास आंतरजालावर नेली. ‘रेषेवरची अक्षरे’ने निवडक नव्या लेखणीला संपादनाची शिस्त लावली आणि सायली राजाध्यक्ष यांच्या ‘डिजिटल दिवाळी’ने खाद्यसंस्कृतीसारखा विषय पडद्यावर ऐसपैस मांडला. छापील भावंड नसताना, पानांच्या संख्येची आणि रंगीत छपाईच्या खर्चाची चिंता नसताना संपादक काय करू शकतो, ते या अंकांनी दाखवले. दिवाळी अंकांच्या स्पर्धा महाराष्ट्रात गावोगाव होतात. त्यांतल्या प्रमुख स्पर्धांनी डिजिटल अंकासाठी कायमचा विभाग ठेवला असता, तर या माध्यमाची समीक्षा एव्हाना वयात आली असती.

बाजाराने आपल्या परीने पुरस्कार दिले. ‘किंडल’च्या स्वप्रकाशित ई-पुस्तकांच्या स्पर्धेत 2018 मध्ये इंग्रजीच्या जोडीला हिंदी आणि तमीळ आल्या. मराठी आली नाही. तिथल्या पहिल्या चाळणीत वाचकांचा प्रतिसाद मोजला जाई, मग परीक्षकांकडे पुस्तके जात. लोकप्रियता ही कसोटी वाईट नाही, पण ज्यांचे वाचक अजून पडद्यावर जमायचे आहेत अशा भाषांना ती पहिल्याच पायरीवर अडवते.

कळवणसाठी अधिक मोलाची कसोटी मुलांच्या पुस्तकांत आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके फोनवर मिळतात. पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचन मिळावे म्हणून प्रथम बुक्सने सप्टेंबर 2015 मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केले. तिथल्या चित्रकथा खुल्या परवान्याच्या आहेत. कोणीही त्या आपल्या भाषेत नेऊ शकतो, उतरवून घेऊ शकतो, छापू शकतो. कळवण-सुरगाणा पट्ट्यातल्या घरांत कोकणा बोलली जाते, बागलाणच्या बाजूला अहिराणीचा ठसका आहे. पाचशे प्रती विकल्या जातील की नाही या धास्तीने जे पुस्तक छापखान्यात जात नाही, ते ई-पुस्तक म्हणून निघू शकते. आश्रमशाळेतल्या शिक्षकाने केलेले एखादे कोकणा-मराठी चित्रपुस्तक राज्याच्या बालवाङ्मय विभागात गुणांवर तोलले जाईल, त्या दिवशी या माध्यमाला न्याय मिळू लागला असे म्हणता येईल.

आणखी एक वाचक समित्यांच्या नजरेतून निसटतो. मराकेश करार मान्य करणाऱ्यांत भारत 2014 मध्ये जगात पहिला होता. दृष्टिहीनांसाठी पुस्तके सुलभ रूपात आणण्याचा मार्ग त्याने मोकळा केला. नीट बांधलेले ईपब फोन मोठ्याने वाचून दाखवतो. नुसत्या चित्ररूप पानांची पीडीएफ आपणहून तसे बोलत नाही. पुरस्कारासाठी आलेले पुस्तक परीक्षकांनी एकदा डोळे मिटून ऐकावे, हा नियम करायला निधी लागत नाही.

नाशिकला हे करणे शक्य आहे. 1840 पासूनचे सार्वजनिक वाचनालय इथे आहे, दूरशिक्षणाचे साहित्य घडवणारे मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’तून पेट्यांनी पुस्तके पोहोचवण्याची पद्धत घालून दिली आहे. यांपैकी एखाद्या संस्थेने वर्षाला एक मराठी ई-पुस्तक निवडावे. परीक्षकांत एक संपादक, एक अक्षररचनाकार, एक दृष्टिहीन वाचक आणि तालुक्याच्या गावातला एक ग्रंथपाल असावा. पुस्तक महागड्या टॅबवर न तपासता साध्या फोनवर तपासावे, आंतरजाल बंद करून. आणि निवडलेल्या पुस्तकाची कुलूप नसलेली एक फाइल प्रकाशकाने राज्य मराठी विकास संस्थेकडे ठेवीदाखल द्यावी, अशी अट घालावी. कारण राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती देण्याचा 1954 चा कायदा छापील पुस्तकांसाठी झालेला आहे आणि पडद्यावरच निघालेले पुस्तक जपून ठेवायला तो कोणालाही बांधत नाही.