शकुंतलेच्या रुळांकडेचे गवत कोण मोजणार?

यवतमाळहून दारव्हा, कारंजामार्गे मुर्तिजापूरला जाणारी छोटी गाडी म्हणजे आपली 'शकुंतला'. दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मार्गाची लांबी सुमारे ११३ किलोमीटर. वऱ्हाडातला कापूस मोठ्या लोहमार्गापर्यंत पोचवण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला गेला. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले वाफेचे इंजिन या मार्गावर १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावत होते. त्यानंतर डिझेलचे इंजिन आले. आता गाडी बंद आहे. मार्ग ब्रॉडगेज करावा ही मागणी मात्र जुनी आहे.

ही मागणी रास्त आहे आणि या लेखात तिला विरोध नाही. एस.टी.चे तिकीट परवडत नाही म्हणून या गाडीने जाणारी माणसे अनेकांनी पाहिली आहेत. टीका करायची आहे ती दुसऱ्याच गोष्टीवर. अशा लहानशा सुधारणेचा तिथल्या वनस्पतींवर आणि प्राण्यांवर काय परिणाम होईल हे ठरवण्याची आपली जी पद्धत आहे, ती गवताळ जमिनीच्या बाबतीत सपशेल चुकीची आहे.

प्रथम, रुळांच्या कडेला असते काय? दोन्ही बाजूंना रेल्वेच्या मालकीचा जमिनीचा एक अरुंद पट्टा असतो. त्याला लागून कपाशी आणि तुरीची शेते. शेत दरवर्षी नांगरले जाते, पट्टा नांगरला जात नाही. गुरे थोडीफार चरतात, कोणी गवत कापून नेतो, कधी वणवा लागतो. पण मातीचा थर उलटापालटा होत नाही. ज्या गवतांचे ठोंब वर्षानुवर्षे जगतात, त्यांना नेमके हेच हवे असते.

अमेरिकेतील इलिनॉय राज्याचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. या राज्याचा मोठा भाग एके काळी उंच गवताचे माळरान होता. नांगर आला आणि ते जवळजवळ सगळे शेतीखाली गेले. मूळचे चांगल्या स्थितीतील माळरान आता दहा हजारांत जेमतेम एक भाग उरले आहे. आणि ते सापडले कुठे? बरेचसे जुन्या दफनभूमीत आणि लोहमार्गाच्या कडेला! जिथे नांगर पोचला नाही तिथे गवत टिकले.

आपल्याकडचे मूळ गवत कोणते? दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी १९७३ साली भारतातील गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार सांगितले. त्यांपैकी सेहिमा-डायकँथियम हा प्रकार दख्खनच्या पठारावर आढळतो आणि आपला जिल्हा त्यातच येतो. शेडा आणि पवन्या ही सेहिमा प्रजातीतील गवते, तर मारवेल हे डायकँथियम प्रजातीतील. त्यांच्या जोडीला कुसळी असते आणि सुवासिक तेल देणारी तिखाडी, म्हणजे रोशा गवत, असते. ही नावे गावातल्या म्हाताऱ्या गुराख्याला आपल्यापेक्षा चांगली माहीत असतात.

आता मूल्यमापनाच्या पद्धतीकडे वळू. तिच्यात मला तीन दोष दिसतात.

पहिला दोष असा की मुळात मूल्यमापनच होत नाही. २००६ सालच्या पर्यावरण आघात मूल्यमापन अधिसूचनेत कोणत्या प्रकल्पांना पूर्वपरवानगी लागते याची यादी आहे. तिच्यात लोहमार्ग नाहीत. नवा मार्ग असो की जुन्याचे रुंदीकरण, या अधिसूचनेखाली अभ्यासाची सक्ती नाही. वन किंवा अभयारण्य आडवे आले तर निराळे कायदे लागू होतात. पण शेतांमधून जाणाऱ्या पट्ट्याला ना वन म्हणतात ना अभयारण्य.

दुसरा दोष मोजमापाच्या एककाचा. नुकसान विचारले की आपण तोडली जाणारी झाडे मोजतो. झाड तोडायला परवानगी लागते, त्याची भरपाई ठरलेली असते. गवताला असे काही नाही. महसुली भाषेत गवताळ माळ म्हणजे 'पडीक' जमीन. मग एका माणसाच्या कमरेएवढे वाढलेले शेड्याचे रान खणले तरी अहवालात नुकसान शून्य! वर भरपाई म्हणून उरलेल्या माळावर झाडे लावली तर नुकसान दुप्पट होते, कारण सावलीत ही गवते टिकत नाहीत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारताच्या भूभागापैकी सुमारे १० टक्के भाग अशा खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा आहे आणि त्याचा पाच टक्क्यांहूनही कमी हिस्सा संरक्षित आहे.

तिसरा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्या प्रकल्पांना मूल्यमापनाची सक्ती आहे, त्यांच्याकडून साधारणतः एका ऋतूची निरीक्षणे मागितली जातात, आणि तो ऋतू पावसाळा सोडून असावा असे सांगितले जाते. हवेतील धूळ मोजायची तर हे योग्यच आहे, कारण पावसात धूळ खाली बसते. पण गवताचे सारे आयुष्य पावसाळ्यात असते. ते आषाढात फुटते आणि भाद्रपद-आश्विनात फुलोऱ्यावर येते. फुलोऱ्याशिवाय अनेक गवतांची जात ओळखताच येत नाही. तणमोराचा नर पावसाळ्यातच गवतावर उड्या मारून मादीला आपली जागा दाखवतो. अकोला, वाशीम, यवतमाळ या पट्ट्यात त्याच्या नोंदी आहेत आणि २०२१ पासून तो जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. एप्रिलमध्ये पाहणी करणाऱ्याला तो दिसणार कसा?

हा दोष दुसऱ्यांच्या माथी मारून मला मोकळे होता येणार नाही. काही वर्षांपूर्वी एका रस्त्याच्या रुंदीकरणाआधी पाहणीसाठी मी गेलो होतो. महिना मे, हाताशी दिवस दोन. झाडांची यादी नीट केली. गवताच्या रकान्यात 'वाळलेले गवत, जाती सामान्य' एवढे लिहून सही केली. पुढच्या सप्टेंबरात तिथे मुरूम पसरलेला होता आणि त्यातून गाजरगवत वर आले होते. आधी काय होते ते मी नोंदले नव्हते, म्हणून काय गेले तेही मला सांगता आले नाही.

रुंदीकरणात नेमके काय घडते? भराव रुंद करावा लागतो, त्यासाठी कडेची माती खरवडली जाते. बाहेरून मुरूम आणि खडी येते, तिच्याबरोबर तणांचे बी येते. गाजरगवताचे एक झाड दहा हजारांहून अधिक बिया टाकू शकते. विद्युतीकरण झाले तर खांब आणि तारा येतात. जड शरीराच्या पक्ष्यांना समोरची तार वेळेवर चुकवता येत नाही. राजस्थान-गुजरातेतील माळढोकांच्या अशा मृत्यूंमुळेच सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी तारांविषयी आदेश दिला होता. उलट, मोऱ्या पुरेशा रुंद आणि कोरड्या ठेवल्या तर प्राण्यांना त्यांतून ये-जा करता येते. म्हणजे परिणाम बरा की वाईट हे बारीक तपशिलांवर ठरते. ते तपशील आराखड्याच्या वेळीच बदलता येतात.

मग परिणाम मोजायचा कसा? त्याचे सूत्र सोपे आहे: आधी आणि नंतर, इथे आणि तिथे. समजा, एक मीटर लांब-रुंद चौकटीत रुळाकडेला कामाआधी सरासरी १२ जाती होत्या, कामानंतर ७ झाल्या. पाच जाती कामामुळे गेल्या असे म्हणायचे का? नाही. त्याच काळात काम न झालेल्या ठिकाणी ११ च्या ८ झाल्या असतील, तर तीन जातींची घट कमी पावसामुळे झाली असावी. कामाचा वाटा दोनच. याच्या उलटही घडते. पाऊस चांगला झाला, रुळाकडेला १२ च्या १२ च राहिल्या आणि दुसरीकडे १२ च्या १५ झाल्या, तर तीन जातींचे नुकसान चांगल्या पावसाने झाकले गेले.

नुसती संख्याही फसवी असते. शेडा, मारवेल, कुसळी गेले आणि तरोटा, गाजरगवत, रानतुळस आली, तर संख्या तीनच राहते. म्हणून जातींची नावे आणि प्रत्येकीने चौकटीचा किती भाग व्यापला हे दोन्ही लिहायला हवे.

शकुंतलेच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. वाफेच्या इंजिनाच्या ठिणग्यांनी कडेचे गवत पेटते, हा जगभरचा अनुभव आहे. अधूनमधून लागणारी अशी आग झुडपांना मागे ठेवते. १९९४ नंतर ठिणग्या थांबल्या, पुढे गाडीही थांबली. बंद मार्गावर बाभळी आणि झुडपे हळूहळू शिरतात. म्हणजे 'आधी'ची स्थितीही स्थिर नाही. ती एकदाच मोजून भागणार नाही, निदान दोन-तीन पावसाळे मोजायला हवी.

तुलनेची जागा मात्र आयती मिळू शकते. असे मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद होतात. जिथे काम अजून पोचले नाही तो भाग म्हणजे आपले 'तिथे'. माती तीच, पाऊस जवळपास तोच. शिवाय कारंज्याजवळ १८ चौरस किलोमीटरचे कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. संरक्षण मिळाल्यास माळ कसा दिसतो हे विद्यार्थ्यांना तिथे दाखवता येईल.

हे काम शाळा करू शकतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात, रेल्वेची परवानगी घेऊन आणि सापांची काळजी घेऊन, नववीच्या विद्यार्थ्यांना दहा चौकटी आखायला सांगाव्यात. परवानगी मिळाली नाही तर गावच्या ई-क्लास जमिनीवर आखाव्यात. नाव ठाऊक नसलेल्या गवताची फुलोऱ्यासह एक काडी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी, तारीख आणि जागा लिहावी. गुराख्याकडून त्याचे नाव विचारून घ्यावे. महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पुढची ओळख पटवून देतील. हीच वही दरवर्षी पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी.

रुंदीकरणाचे काम कधी सुरू होईल हे आपल्या हाती नाही. पण सुरू झाल्यावर 'आधी'ची मोजणी कोणालाच करता येणार नाही. ती करायला येता पावसाळा आहे.