शब्द काढले की कोण उरतं?

परवा बैठक संपल्यावर एका कार्यकर्त्यानं तोंडावरच विचारलं, "हे बिनशब्दाचं वाजवणं आपल्या काय कामाचं? ना त्यात अन्याय, ना घोषणा. नुसता ठेका. ठेका तर आपल्या आज्यानं गावकीसोबत कधीच खाली ठेवला."

पोरगा खोटं बोलत नव्हता. हलगी वाजवायची दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या देवापुढं, आणि जेवायचं मांडवाच्या बाहेर. ती खाली ठेवण्यात स्वाभिमान होता. म्हणून त्याचा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. पण १९७२ साली आपण पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्या पोरांच्या संघटनेकडून घेतलं. त्यांचं नाव घ्यायचं आणि त्यांची माणसं शब्दांवाचून काय बोलली त्याला कान द्यायचा नाही, हे मला पटत नाही. ढोल आणि बास मिळून एक चाल धरतात, ती फिरून फिरून येते, तिला तिकडं ग्रूव्ह म्हणतात. अशा तीन रेकॉर्डी घेऊन बोलतो.

पहिली 'ग्रीन अनियन्स', १९६२. गाव मेम्फिस. जुन्या सिनेमा थिएटरात स्टॅक्स कंपनीचा स्टुडिओ. ऑर्गनवर बुकर टी. जोन्स, ड्रमवर अल जॅक्सन, बासवर लुई स्टाइनबर्ग, तिघं काळे. गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, गोरा. बाहेर काळ्या-गोऱ्यांच्या वस्त्या वेगळ्या, आत चौघं एका ठेक्यावर. ऑर्गन एक छोटी चाल धरून बसतो. गिटार मधेच सुरी मारल्यागत येते आणि गप होते. जॅक्सन एक ठोका जास्तीचा मारत नाही. कुणी कुणाच्या डोक्यावर बसत नाही. संगीत म्हणून हे अस्सल आहे.

पण लगेच भाबडं होऊ नका. १९६८च्या फेब्रुवारीत त्याच मेम्फिसमध्ये कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून दोन काळे सफाई कामगार मेले. तेराशे कामगार संपावर गेले. 'मी माणूस आहे' अशा पाट्या गळ्यात घालून रस्त्यावर आले. त्यांच्या पाठीशी उभं राहायला मार्टिन ल्यूथर किंग आले आणि ४ एप्रिलला लॉरेन मोटेलात त्यांना गोळी घातली. स्टॅक्सचे गायक-वादक याच मोटेलात बसून गाणी रचायचे. एका खोलीतली बरोबरी खोलीतच राहिली. गाव हलवायला सफाई कामगारांचा संप लागला. ठेक्याकडून संपाचं काम मागू नये, आणि ठेका ऐकला म्हणजे संप केला असंही समजू नये.

दुसरी 'हेड हंटर्स', १९७३. हर्बी हॅनकॉक हा जॅझमधला मोठा पियानोवाला. पंडितांच्या जॅझमधून तो खाली रस्त्यावरच्या फंकमध्ये उतरला. पहिलीच 'कमीलियन' पंधरा मिनिटांच्या वर चालते आणि बासची ओळ अंगातून जात नाही. नाक मुरडणाऱ्यांनी मुरडलं, रेकॉर्ड प्रचंड खपली. याच रेकॉर्डीवर 'वॉटरमेलन मॅन' आहे. मूळ चाल त्याचीच, १९६२ची, लहानपणी शिकागोत पाहिलेल्या कलिंगडवाल्याच्या आठवणीतली. पण इथं सुरुवातीला बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकर मारत मधे आवाज काढतो. ही रीत मध्य आफ्रिकेच्या जंगलातल्या बाबेंझेले लोकांची. एका संशोधकानं त्यांचं वाजवणं ध्वनिमुद्रित केलं होतं, तिथून ती उचलली.

पुढं १९९४ साली मॅडोनाच्या एका गाण्यात या चालीचा तुकडा आला. श्रेय हॅनकॉकला गेलं, जंगलातल्यांना नाही. कुणी विचारलं तेव्हा त्यानं ही भावाभावांतली बाब आहे अशा अर्थाचं उत्तर दिलं. मित्रांनो, हे उत्तर नीट ऐका. भाऊ म्हटलं की हिशेब बुडतो का? वरच्यांनी आपलं लुटलं हे आपण दिवसरात्र सांगतो. पण आपल्याहून खालच्याचं आपण घेतलं तर? रेकॉर्ड थोर आहे, मी ती काढून टाकणार नाही. पण ती ऐकताना बाटलीतली फुंकर कानाला टोचली पाहिजे.

तिसरी 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन', १९७६. जमैकातलं किंग्स्टन. टबी म्हणजे ऑस्बोर्न रडॉक, विजेच्या उपकरणांची दुरुस्ती करणारा माणूस. वॉटरहाउसच्या गरीब वस्तीत, राहत्या घरातच त्याचा स्टुडिओ. जागा एवढुशी की पूर्ण वाद्यवृंद मावायचा नाही. दुसरीकडं भरलेल्या टेपा त्याच्याकडं यायच्या. तो गायकाचा आवाज खाली ओढायचा, गिटार तोडायचा, मधेच एक ठोका प्रतिध्वनीत सोडून द्यायचा. या प्रकाराला डब म्हणतात. मूळ गाणं जेकब मिलरचं, प्रेमाचं. टबीनं त्याच्या आवाजाचे तुकडे ठेवले, बाकी ढोल आणि बास. वर ऑगस्टस पाब्लोची मेलोडिका, म्हणजे शाळेतल्या पोरांच्या हातात देतात ते फुंकायचं वाद्य. दोन्ही हातची साधी, पण त्यांनी केलं ते आधी कुणी केलं नव्हतं. गाण्यात जे कायम तळाशी असतं, ज्याच्या जिवावर गायक उभा असतो, ते टबीनं वर आणलं.

इथंही हिशेब विचारायचाच. या रेकॉर्डीवर ड्रमला कार्लटन बॅरेट, बासला रॉबी शेक्सपियर आणि ॲस्टन बॅरेट. मुखपृष्ठावर नाव टबीचं. त्या काळी जमैकात वादकाला बहुतेक वेळा गाण्यामागं ठरलेली रक्कम मिळायची. मग तीच टेप दहादा वापरा, त्याच्या हाती पुन्हा छदाम नाही. खुद्द टबीला १९८९च्या फेब्रुवारीत त्याच्या घराबाहेर गोळी घालून मारलं.

आता त्या पोराला उत्तर. आज्यानं हलगी ठेवली ती ठेका वाईट म्हणून नाही. वाजव म्हणणारा दुसरा होता, कधी थांबायचं हे ठरवणारा दुसरा होता. टबीच्या घरात हात टबीचा, यंत्र टबीचं, कुठं थांबायचं तेही टबीच ठरवायचा. फरक इथं आहे.

ही रेकॉर्ड महागड्या हॉटेलात जेवणाच्या मागं लावली तर तीही मांडवाबाहेरची हलगी होते. म्हणून नुसती मान डोलवू नका. शब्द काढल्यावर तळाशी कोण वाजवतोय ते ओळखा, त्याचं नाव छापलंय का बघा, त्याला काय मिळालं ते विचारा. नाव छापलेलं नसेल तर आपल्या बैठकीत मोठ्यानं घ्या. पुढच्या बैठकीला मी टेप आणतो. त्या पोरानं यावं आणि भांडावं.